एकशेवीस क्रमांकाची ओळ

बाबा ज्या कापडगिरणीत कामाला होते ती बंद झाली, त्या वर्षी मी शिप्रेकाठच्या आमच्या शहरात, फ्रीगंजमधल्या एका खासगी शाळेत मुलांना कंप्यूटर शिकवत होते. गिरणी काही एका दिवसात बंद झाली नाही. आधी रात्रपाळी गेली, मग भोंगा थांबला, मग फाटकाला कुलूप लागलं. बाबा मात्र सकाळी नेहमीच्या वेळेला उठत, दाढी करत आणि अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसत. घरात कुणी रडलं नाही, कुणी फारसं बोललंही नाही. मलासुद्धा काही वाटेनासं झालं होतं. जेवायची वेळ झाली की जेवत होते, शाळेची वेळ झाली की जात होते.

आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. नगरपालिकेच्या शाळेत शिकले, पुढे देवास गेटजवळच्या एका क्लासमध्ये कंप्यूटरचा कोर्स केला. एवढ्या भांडवलावर शाळेच्या मोठ्या बाईंनी मला ठेवून घेतलं. त्यांचे उपकार मी आजही विसरलेली नाही. पण नोकरी कच्ची होती. शाळेचे मालक सेठजी. टॉवर चौकात त्यांचं साड्यांचं दुकान होतं. त्यांनी बाईंना स्पष्ट सांगितलं होतं, की पालकांच्या सभेत दाखवण्यासारखं काही निघालं तर कंप्यूटरचा वर्ग चालेल, नाहीतर मशिनं विकून टाकू. वर्ग गेला असता तर मीही गेले असते, आणि आता घरात पगार येत होता तो फक्त माझा.

म्हणून सहावीच्या मुलांकडून मी एक खेळ लिहून घ्यायचं ठरवलं. सजीव आणि निर्जीव वेगळे करायचे. खेळणाऱ्याने एक शब्द टाइप करायचा, मग सजीव असेल तर एस आणि निर्जीव असेल तर एन दाबायचं. उत्तर जुळलं तर पडद्यावर SAHI, नाही जुळलं तर GALAT. शब्द मुलांनी सुचवायचे. यादीत नसलेला शब्द कुणी टाकला तर मशीन अडून बसू नये, म्हणून शेवटी मी एक वाक्य घालून ठेवलं होतं: YEH MUJHE NAHIN PATA.

एका शब्दाची एक ओळ, आणि तेव्हाच्या बेसिक या कंप्यूटरच्या भाषेत प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा लागे. आम्ही दहा, वीस, तीस असे द्यायचो, म्हणजे मध्ये काही विसरलं तर घुसवायला जागा राहते. चपला दाराबाहेर काढून मुलं एकेका मशीनभोवती दाटीने बसत आणि शब्द ओरडत. गाय, दगड, पिंपळ, सायकल. एका मुलाने विचारलं, "मॅडम, शिप्रा लिखूँ?"

"लिख. किसमें डालेगा?"

"सजीव में. मैया है न."

"अबे, नदी साँस लेती है क्या?" शेजारचा म्हणाला.

"चलती तो है! बरसात में बढ़ती भी है."

"और खाती भी है. पिछले साल मेरी नई चप्पल खा गई."

सगळे खिदळले. मलाही हसू यायला हवं होतं. मी पुस्तक उघडलं, सजीवांची लक्षणं वाचून दाखवली आणि सांगितलं की नदी निर्जीवच. एकशेवीस क्रमांकाच्या ओळीत शिप्रापुढे एन मीच टाइप केलं. वर्गात एक मराठी मुलगी होती, दोन वेण्यांची, गप्प बसणारी. ती म्हणाली, "मॅडम, आजीला कळलं तर ती म्हणेल पाप लागतं."

"पुस्तकात आहे तेच लिहायचं," मी म्हटलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "एखादी ओळ काढायची झाली तर नुसता तिचा नंबर टाइप करून एंटर दाबायचं ना?"

"हो," मी म्हटलं. धडा नीट समजला म्हणून तिला शाबासकीही दिली.

सभेच्या दिवशी सेठजी नदीवरून स्नान करून थेट आले. कपाळावर ओलं गंध होतं. बूट बाहेर काढून ते खुर्चीत बसले. मागे पालक उभे, त्यांच्यापुढे बाई. सेठजींनी एका बोटाने अक्षरं शोधायला सुरुवात केली. एस. एच. आय. पी आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रोज पहाटे शिप्रेवर जाणारा माणूस दुसरा कुठला शब्द टाकणार होता? आता ते एस दाबणार आणि चारचौघांत मशीन त्यांना म्हणणार, गलत.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नोकरी गेली, एवढंच मनात आलं. आज दुधीची भाजी आहे असं कुणी सांगावं, तसं.

सेठजींनी एस दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: YEH MUJHE NAHIN PATA.

सेठजींनी ती मोठ्याने वाचली आणि खो खो हसले. "बहनजी, मशीन में अक्कल है! जो नहीं पता, साफ बोल देती है. हमारे मुनीमजी को भी थोड़े दिन यहीं बिठा दो." पालक हसले, बाई हसल्या. मग त्यांनी गाय टाकली, पिंपळ टाकला, आणि दोन्ही वेळा सही आल्यावर खुशीत उठले. जाता जाता बाईंना म्हणाले, "चलने दो क्लास."

सगळे गेल्यावर ती मुलगी माझ्यापाशी आली. "मॅडम, एकशेवीस मी काढली. सकाळी, प्रार्थनेच्या आधी. फ्लॉपीवर सेव्हपण केलं. तुम्ही रागावलात?"

"नाही," मी म्हटलं. तिला आणखी काहीतरी सांगायला हवं होतं. तिने वेण्या मागे टाकल्या आणि चपला घालून पळाली.

माधवनगरला घरी चालत आले. आईने दारातच विचारलं, "राहिली का गं?"

"राहिली."

आई तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. बाबा खुर्चीतून म्हणाले, "काय काय झालं, सांग."

मी सांगितलं. शिप्रा सांगितली, सेठजींचं गंध सांगितलं, गाळलेली ओळही सांगितली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि त्यात गिरणी टाकली तर?"

"गिरणी यादीत नाही, बाबा."

"मग काय म्हणेल ते?"

"मला माहीत नाही, असं म्हणेल."

बाबांनी मान हलवली. तेवढ्यात नळाला पाणी आलं. बाबा उठले, आईला म्हणाले, "तू बस," आणि बादली घेऊन मोरीकडे गेले.