न सांगणारी आत्या

माझ्या आत्याइतकी गोष्ट पोटात ठेवणारी बाई साऱ्या किनाऱ्यावर झाली नसेल. चुलीवर काय शिजतंय म्हणून विचारलं, तर "ताटात पडेल तवा बग" एवढंच उत्तर. सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजाराला निघायची आणि वाटेत कुणी हटकलं, तर भलत्याच दिशेला बोट दाखवायची. शिरगणतीला आलेल्या गुरुजींनी वय विचारलं, तेव्हा म्हणाली, "सोयरीक आणलीय काय?" गुरुजींनी निमूटपणे अंदाजाने आकडा लिहिला. लग्नाच्या वर्षातच नवरा समुद्रात बुडाला आणि ती नवापूरला भावाकडे, म्हणजे आमच्या घरी परत आली, एवढंच आम्हांला ठाऊक. त्याहून जास्त विचारायची छाती कुणाला झाली नाही.

मी पालघरला शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा आई आणि आत्याला सिनेमाच्या दुपारच्या खेळाला नेलं. पडद्यावरची बाई आपल्याच मुलाकडून मावशी म्हणवून घेत होती. शेवटी ती त्याला खरं सांगायला तोंड उघडते, तोच आत्या खुर्चीतून उठली. "गप बस गं. इतकी वरसं निभावलंस, आता कशाला फोडतेस?"

थिएटर हसलं. मीही हसलो. मागून कुणी म्हणालं, "मावशे, तिला ऐकू नाय येत." आई मात्र हसली नाही. तिने आत्याचा हात धरून तिला खाली बसवलं. दोघी रडत होत्या.

स्टँडवर आत्या पाणी प्यायला गेली, तेव्हा मी आईला कारण विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजा बाप दर्यात गेला तवा तू हिच्या पोटात. तिचे एडवणचे दीर पोर उचलून नेतील, म्हणून आमी तुला आमचा म्हटला. तुला कळलंय, हे तिला कळू देऊ नको."

मुलांना वाचायला शिकवणारा मी. समोरच्या गाडीची पाटी मला वाचता येईना.

"काय रे, भूत बगितलंस?" आत्या परत येऊन म्हणाली.

"नाही, आत्या."

गेल्या महिन्यात ती गेली, तोवर मी तिला आत्याच म्हणत राहिलो. क्रियेला चुलतभाऊ बसला होता. दहाव्याला किनाऱ्यावर मी न्हाव्यापुढे बसलो, तेव्हा न्हावी म्हणाला, "मास्तर, आत्यासाठी केस नाय काढत. ते आईबापासाठी."

"काढ," मी म्हणालो.

घरी आलो. आई दारातच बसली होती. ही आई जिवंत होती आणि तिच्या मुलाने आईसाठी केस दिले होते. तिने मला खाली बसवून डोक्यावरून हात फिरवला.

"आता रागावंल ती आपल्या दोगांवर," म्हणाली. "रागावू दे."