डाव्या रुळावरची वाळू

वाळूबाला आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते फक्त हजेरीच्या वेळी कानावर यायचं. एरवी सगळ्यांचा तो वाळूबा. डोंगर चढणाऱ्या नॅरोगेज गाडीत त्याची नोकरी, आणि जागा कुठली म्हणाल तर इंजिनाच्या पुढ्यात, उघड्यावर! रूळ ओले झाले की चढावर चाकं जागच्या जागी गरागरा फिरतात. म्हणून दोघांनी पुढे बसायचं आणि रुळांवर वाळू सोडत जायचं. उजवा रूळ वाळूबाचा, डावा त्याच्या थोरल्या भावाचा. डावीकडे दरी.

एका वळणावर थोरला दरीत गेला. वाळूबाची नजर आपल्या रुळावर होती. शेजारची जागा रिकामी झालीय हे त्याला कळलं ते चाकं घसरायला लागली तेव्हा.

पुढे ती गाडी बंद पडली, रूळ उखडून नेले. वाळूबाचं लग्न राहूनच गेलं होतं. घरात तो आणि थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी. म्हातारपणी या गड्याने काय करावं? मागच्या खोलीत जुनं दार आडवं टाकलं, भुसा आणि डिंक कालवून त्यावर तोच डोंगर उठवला, पितळी पट्ट्यांचे बोटभर अंतराचे रूळ वळवले. मी त्याचा शेजारी, घड्याळं दुरुस्त करणारा. शाळा गावातली, तीही अर्धी. पण स्प्रिंगची भाषा मला कळते! गजराच्या घड्याळाचं पोट काढून मी त्याला चावीचं इंजिन करून दिलं. काय देखणं झालं होतं म्हणून सांगू!

पण ते वळण काही पार होईना. चावी दिली की इंजिन ऐटीत निघायचं, वाळूबा पुढे वाळू सोडत जायचा, वळणावर चाकं घरघरायची आणि धाडकन डावीकडे, दरीत. दर वेळी डावीकडेच. मी चाकं बदलली, वजन वाढवलं. शेवटी हात टेकले.

"अरे, चढ जरा कमी कर की," मी म्हणालो.

"तो चढ तेवढाच होता," वाळूबा म्हणाला.

वहिनी त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसत. एके दुपारी मात्र दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, त्या दिवशी मी मागच्या डब्यात होते. ही घरघर मी ऐकलीय. आता रोज स्वयंपाकघरात ऐकते. आज चढली तर ठेवा. नाहीतर उद्या भंगारवाल्याला बोलावते. घड्याळवाले, तुम्हीही ऐकून ठेवा, दोघं म्हातारे मिळून माझं डोकं उठवलंत!"

वाळूबाने चावी दिली, वाटीतली चाळलेली वाळू चिमटीत घेतली आणि इंजिनापुढे सोडत गेला. इंजिन पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं.

मी खाली वाकून पाहिलं. उजव्या रुळावर वाळूची सुरेख रेघ. डावा रूळ आरशासारखा लख्ख!

"अरे गाढवा, एकाच बाजूला पकड मिळाली तर इंजिन वळणारच ना! डावीकडे कोण टाकणार?"

"डावा माझा नाही," वाळूबा इतक्या सहज म्हणाला, जणू थोरला येतोच आहे, पाणी प्यायला गेलाय.

वहिनी आत आल्या. त्या आडव्या दाराच्या डाव्या अंगाला उभं राहून त्यांनी वाटीत बोटं घातली.

"किती सोडायची?"

"तो सोडायचा तेवढी."

"मला काय माहीत ते किती सोडायचे? मला कधी पुढे बसवलंत?"

वाळूबाने डावा हात उचलला. स्वतः तो चिमूट सरळ सोडायचा, पण हा हात वेगळाच चालला: अंगठा तर्जनीवर हळू घासत, मनगट थोडं बाहेर. मी पाहतच राहिलो. हात वाळूबाचा, पण ढब त्याची नव्हती.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या. "पानातल्या भातावर मीठ असंच घ्यायचे."

मग त्यांनी तसंच केलं. दोन्ही रुळांवर वाळू पडत गेली आणि इंजिन वळणावर एकदा कचरलं, दात खाल्ल्यासारखं करकरलं आणि वर गेलं. माझ्या तोंडून आरोळीच निघाली! त्या दोघांची नजर वळणाच्या खाली, जिथे आज काहीच पडलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने वहिनींनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि दरीच्या बाजूला बसल्या.

"भावजी, पुन्हा चावी द्या," त्या म्हणाल्या. "आणि वाटी जरा इकडे सरकवा."