खांबाची सावली

आठ वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनीला सांगायची गरजच नव्हती. ती तिथंच, माझ्या मागं उभी होती.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही चित्रकलेची. मला रात्रीचं उदगीर रंगवायचं होतं — बंद शटरं, दिव्याखालचा पिवळा गोल, बाकी सगळा अंधार. पण रात्री अकराला मुलीला रस्त्यावर कोण बसू देणार? सुनंदावहिनी दिवसभर राबून, स्वयंपाकघर आवरून माझ्याबरोबर यायची. मी पोत्यावर बसून रंगवायचे, ती पाठीशी उभी. कुणी रेंगाळलं की म्हणायची, "काय दादा, घरी जेवायला कुणी वाट बघत न्हाई का?" माणूस मुकाट पुढं जायचा.

मागच्या दिव्यामुळं तिची सावली समोरच्या रस्त्यावर लांब पडायची. मला ती फार आवडली. तीही रंगवली. आणि चित्राला नाव दिलं — 'एकटी'. तेव्हा मला खटकलं नव्हतं का? खटकलं होतं.

नांदेडच्या प्रदर्शनात त्या चित्राला बक्षीस मिळालं. परीक्षक सरांनी विचारलं, "एवढ्या रात्री एकटी बसायचीस? भीती नाही वाटली?"

"नाही सर," मी म्हणाले.

मग त्यांनी सावलीकडं बोट दाखवलं. "आणि ही कुणाची?"

किती सोपं होतं — वहिनी मागंच उभी होती, नुसती मान वळवायची होती. पण भोवतीचे सगळे माझ्या एकटेपणाचं कौतुक करत होते, आणि मला... मला ते हवं होतं.

"खांबाची," मी म्हणाले.

खांबाला कधी वाऱ्यावर उडणारा पदर असतो का? कुणी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत लोहा गाव मागं पडलं. मग वहिनी डबा उघडत म्हणाली, "खांबाला भूक लागत नसती, वन्सं. मला मात्र लई लागलीय." आणि पहिली भाकरी माझ्याच हातात दिली. ती मी खाल्ली. माफी मागितली नाही.

आता मी लातूरला शाळेत चित्रकला शिकवते. त्या बक्षिसामुळं, म्हणजे तिच्या उभं राहण्यावर मिळालेली ही नोकरी. येत्या रविवारी ते चित्र इथल्या प्रदर्शनात लागतंय. 'एकटी' नावाची जुनी चिठ्ठी मी काढून टाकली. नवी स्वतः लिहिली — 'सुनंदावहिनी आणि मी'. त्या सरांनाही पत्र टाकलं, खरं काय ते लिहून.

वहिनी येणार आहे. फोनवर म्हणाली, "दशम्या आणते. उभं राहायला लावू नका म्हंजे झालं."

खुर्ची मी आजच सांगून ठेवली आहे, चित्रासमोर. कुणी विचारलंच, ही सावली कुणाची — तर मी मान वळवीन.