टोटल एक

ताईच्या लग्नाचं आमंत्रण गावात द्यायचं होतं. आमच्याकडे एका घरी दोनदा आमंत्रण गेलं तर नुसतं हसं होतं. पण एखादं घर राहिलं, तर त्या घरचं माणूस पुढच्या दोन पिढ्या आपल्या मांडवात पाय ठेवत नाही. नावांची एक वही बाबांची, एक काकाची, एक मामाची, आणि तिन्हींत पुन्हा पुन्हा तीच माणसं. घोळ ऐकून ऐकून मी भर ओटीवर बोलून गेले, ‘‘द्या इकडं, कम्प्युटर काढंल यादी.’’

मी तेव्हा भिवंडीत जावा या कम्प्युटरच्या भाषेचा क्लास करत होते. लग्न आटपलं की तो बंद करायचा, हे काकाने बाबांच्या गळी जवळजवळ उतरवलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, ‘‘यादी बराबर झाली तं पुढं बगू.’’ म्हणजे यादी चुकली की क्लास गेला.

चार दिवस क्लासच्या वेळात मी नावं टाइप केली. आमच्या गावात एकाच नाव-आडनावाचे तीन-तीन बाप्ये सापडतात, म्हणून प्रत्येकापुढे बापाचं नाव आणि आळीही घातली. सगळं एका लिस्टमध्ये भरलं. जावात सेट नावाचा प्रकार असतो. एकदा घेतलेली गोष्ट तो दुसऱ्यांदा घेत नाही. मला हेच हवं होतं. सेटवर अ‍ॅड ही मेथड, म्हणजे ‘आत घे’ अशी आज्ञा, लावली, तिच्या हातात लिस्ट दिली आणि प्रोग्राम चालवला. एकही एरर नाही! प्रिंट घडी करून पर्समध्ये टाकली आणि घरी जायला खारबावची रिक्षा पकडायला धावले. वाचायची तसदी घेतली नाही, कारण शहाणपण उतू चाललं होतं.

काकाने चष्मा लावून आधी शेवटची ओळ वाचली. टोटल एक.

‘‘आख्ख्या गावान येकच घर हाय? मंग पत्रिका पन येकच छापू!’’

वरती नावं होती, पण तीही दोन-दोन, तीन-तीनदा. ओटीवरचे सगळे हसले. बाबाही हसले, ते मला फार लागलं. आई म्हणाली, ‘‘हसतील त्यांचे दात दिसतील, तू जेव.’’ राग माझ्या नाकावरच असतो. मी ताट सरकवलं आणि ठरवलं, आता ही यादी माझ्याच हातून निघणार.

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. सर म्हणाले, ‘‘एरर आया क्या? नहीं ना? तो प्रोग्राम सही है.’’ त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवला नाही. सगळी नावं बाजूला ठेवून तीनच घेतली, त्यातली दोन सारखी. आधी नुसती लिस्ट छापली. नावांच्या आधी एक चौकोनी कंस आला. मग सेट छापला. तिथे कंस दोन. हा दुसरा कंस कुठून आला? तेवढ्यात लाईट गेली. बाकीच्या मुली घरी गेल्या. मी नोट्स घेऊन दारात, उजेडात बसले आणि सेटच्या मेथड ओळीने वाचत गेले. अ‍ॅडच्या खालीच अ‍ॅड-ऑल होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तांदूळ निवडायला मी सुपात ओतलेच नव्हते, आख्खी पिशवी सुपात ठेवली होती. सेटने लिस्ट तिच्या कंसासकट एकच वस्तू म्हणून घेतली होती, आतल्या नावांकडे बघितलंच नव्हतं. अ‍ॅड-ऑल एकेक नाव काढून घेते.

दीड तासाने लाईट आली. मेथड बदलली. तीन नावांची दोन झाली. मग सगळी नावं घातली आणि या वेळी प्रिंट तिथेच बसून वाचली, दोनदा. क्रम पार विस्कटला होता. तो आळीप्रमाणे हाताने लावला.

घरी काकाने तिन्ही वह्या पुढ्यात घेतल्या आणि पेन्सिलीने एकेक नाव ताडून बघितलं. मी समोरून हलले नाही. एकही घर दोनदा नव्हतं, एकही सुटलं नव्हतं. काकाने पेन्सिल ठेवली आणि चहा मागितला.

‘‘क्लास कदी संपतो तुजा?’’ बाबांनी विचारलं.

‘‘दिवाळीला.’’

बाबांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली आणि काकासमोरच म्हणाले, ‘‘मंग पुरा कर.’’