धुरांड्याची झडप

आमच्या दोन घरांत एकच लाकडी भिंत, त्यामुळे ओनोफ्रे आणि एर्सिराचं भांडण मला फुकटात ऐकायला मिळायचं. पहिलं ऐकलं तेव्हा त्यांचं लग्न नवंच होतं. जेवणं झाली की ओनोफ्रे चुलीच्या धुरांड्याची झडप बंद करी. लाकूड धुमसत राहतं, सकाळपर्यंत पुरतं. त्याची पाठ वळली की एर्सिरा धुराला वाट म्हणून ती उघडायची.

"लाकूड काय आभाळातून पडतं, म्हातारे?" तो म्हणाला. म्हातारी तेव्हा विशीतली होती.

"आणि माझी छाती काय बाजारातून आणलीयेस?"

ते भांडण त्यांना म्हातारपणापर्यंत पुरलं. आमच्या लोंकोचे गावात झडप बंद ठेवणाऱ्याला संसारी पुरुष म्हणतात. ओनोफ्रेनं अर्धं आयुष्य लाकूड कापण्याच्या गिरणीत काढलं, त्याला लाकडाची किंमत ठाऊक. कंजूष नव्हता तो. एकदा वाऱ्यानं माझं छप्पर उडालं, मी हाक मारायच्या आतच हा वर चढलेला. पण झडपेपुढे त्याचं शहाणपण संपायचं.

मग साथ आली. मुलगा वाल्दो आणि सून यास्ना राजधानीहून, सान्तियागोहून, आपले कॉम्प्युटर घेऊन आले. बैठकीतली शेगडी एरवी फक्त पाहुण्यांसाठी पेटायची, ती आता वाल्दोच्या नोकरीसाठी सकाळपासून पेटू लागली. यास्नाच्या पायाशी मागच्या खोलीत विजेचा हीटर. स्वयंपाकघरात चूल होतीच. सगळ्या गल्लीची हीच तऱ्हा, घरोघरी माणसं कोंडलेली आणि धुरांडी दिवसभर ओकत असलेली. वाल्दोला मात्र वाटे, गाडी अंगणात गंजत पडलीय, म्हणजे आपण हवेवर उपकारच करतोय.

"तो उपकार माझ्या घशात अडकलाय," एर्सिरा खोकत म्हणाली.

हिवाळा अर्धा सरला नाही तोच कोरडं लाकूड संपलं. मिळेल ते ओलं घेतलं, आणि ते पुरावं म्हणून ओनोफ्रेनं झडप आणखी घट्ट केली. धूर आता घरातच मुक्कामाला आला. दवाखान्यात न्यायची सोय नव्हती. खोकणारं माणूस दिसलं की वेगळं ठेवत आणि घरच्यांना भेटू देत नसत.

एका दुपारी भिंतीपलीकडे खोकला चालूच राहिला, चालूच राहिला, आणि मग थांबला. मी तोंडाला फडकं बांधून त्यांच्या खिडकीशी धावले. एर्सिरा खुर्चीत वाकली होती, ओठ निळसर. ओनोफ्रे तिची पाठ चोळत होता.

यास्ना हळूच म्हणाली, "बाबा, झडप बंद केल्यानं लाकूड वाचत नाही. ते धूर होऊन जातं. आणि आधी आईंच्या छातीत जातं."

ओनोफ्रे उठला. झडप पुरती उघडली. मग बैठकीतली शेगडी विझवली, हीटरची पिन काढली आणि वाल्दोचं टेबल स्वतः ओढत स्वयंपाकघरात आणलं.

"एकच चूल. सगळे इथे."

"अहो बाबा, साहेबांना कॉम्प्युटरवर मागे भांडी दिसतील," वाल्दो म्हणाला.

"दिसू देत. घरात शिजतं, हे कळेल त्यांना."

त्या चुलीत ओलं लाकूड घालायचं नाही असं ठरलं. मी माझ्या कोरड्यातलं थोडं खिडकीतून दिलं, एकाच चुलीला ते पुरलं. पाऊस लागला की एर्सिरा भोपळ्याच्या पुऱ्यांसारखी सोपाइपिया तळायची आणि वाल्दोचे साहेब विचारायचे, हा चरचर आवाज कसला? हळूहळू तिच्या ओठांना रंग आला.

साथ ओसरली, मुलं परत गेली. ओनोफ्रे उन्हाळ्यातच लाकूड फोडून पुढच्या हिवाळ्यासाठी रचू लागला. झडपेवरून भांडण उरलं नाही, म्हणून एर्सिरा मिठावरून भांडू लागली.

गेल्या ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, ओनोफ्रे गेला, दुपारच्या झोपेतच. त्या दिवशीही जेवणानंतर पडवीतून कोरड्या लाकडांचा भारा त्यानं आणला, एर्सिराच्या खुर्चीशेजारी रचला. भिंतीतून झडप उघडल्याची करकर मला ऐकू आली.

"पुरेल, म्हातारे," तो म्हणाला, आणि आडवा व्हायला गेला.