दोरीच्या भोकापलीकडचा देवमन

अमरावतीच्या कॅम्पातला आमच्या नाट्यमंडळाचा बंगला मूळचा एका गोऱ्या कापूस-व्यापाऱ्याचा. दिवाणखान्याच्या छताला झालरीचा मोठा पंखा टांगलेला होता. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या व्हरांड्यात जाई आणि तिथे बसून देवमन ती ओढी. साहेब गेला, विजेचे पंखे आले. त्रेपन्न साली मंडळाने बंगला घेतला, मधली भिंत पाडून रंगमंच उभारला आणि पडद्याची दोरी त्याच भोकातून बाहेर काढली. ओढायला माणूसही तोच ठेवला. तो बाहेर का बसतो, हे आम्हा कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्यानेच विचारलं. मी मंडळाचा नायक. मला म्हणाला, "वामनभाऊ, तीन वर्सं झाले पडदा ओढून राहिलो, पन नाटक मी अजून पायलं नाई. साहेबाचं तोंड दिसत नोतं, तुमचंबी दिसत नाई. भितीले एक खिडकी पाडा ना."

"पुढच्या दिवाळीच्या डागडुजीत पाडू!" मी ऐटीत म्हणालो.

तोवर तो कानांनीच नाटक पाही. माझ्या कोणत्या वाक्याला पडदा सोडायचा, ते त्याला पाठ होतं.

एका रविवारी दुपारच्या प्रयोगात दुसऱ्या अंकाच्या स्वगतात मी अडकलो. शब्दच आठवेना. प्रॉम्प्टिंग करणारे आमचे चिटणीस उत्तमराव वहीत पान शोधत राहिले. प्रेक्षकांत हशा सुरू झाला. आणि धाडकन पडदा पडला.

उत्तमराव व्हरांड्यात धावले. "काहून रे, अंक संपला होता का?"

देवमनने माझ्याकडे पाहिलं. मी राजाच्या वेषात, कमरेला तलवार. म्हणालो, "झोपला असेल."

"साहेबाच्या वक्ताची सवय!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

"झोपलो असन," देवमन म्हणाला आणि त्याने दोरी खाली ठेवली. उत्तमरावांनी त्याला तिथेच कामावरून काढलं.

मी चेहऱ्याचा रंग पुसत होतो तेव्हा तो दारात आला. "शब्द अडकला तुमचा, भाऊ. लोकं हासून राहिले होते म्हनून सोडला पडदा. मी जागा होतो. तेवढं उत्तमरावाले सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही.

दिवाळीत गवंड्याने भोक बुजवलं, दोरी आत आली. "तुम्हाला ती खिडकी पाडायची होती ना?" उत्तमरावांनी विचारलं.

"आता कशाला?" मी म्हणालो.

पुढच्या प्रयोगाला देवमन तिकीट काढून आला. पांढरा सदरा, पहिली रांग. त्या स्वगतात माझी जीभ पुन्हा अडखळली. समोर त्याचे ओठ हलत होते. तो शब्द मी त्याच्या ओठांवरून उचलला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी सगळ्यांपेक्षा खाली वाकून नमस्कार केला, कारण मान वर केली असती तर तो दिसला असता.

पासष्ट साली बंगला विकला गेला. देवमन गेला, उत्तमरावही गेले. सांगायला आता तुम्हीच उरलात. देवमन जागा होता.