अप्पांनी धरलेली पट्टी

लेव्हल मोजायच्या दुर्बिणीतून मी अप्पांना बघू दिलं, ही माझी चूक. तशी लहानच. त्यामागं शास्त्र वगैरे काही नव्हतं. सकाळपासून मी तिवईवरच्या त्या दुर्बिणीला डोळा लावून मोठ्या गंभीर चेहऱ्यानं आकडे लिहीत होतो आणि माझा तो चेहरा बघायला माळावर कुणी नव्हतं, एवढंच माझं दुःख होतं.

अप्पा म्हणजे होटगीच्या रस्त्याला ज्यांच्या रानात आम्ही बांध घालणार होतो ते शेतकरी. कानडी घरचे, साठीला टेकलेले. मोजणीची उंच, आकड्यांची पट्टी धरायला माणूस मिळेना, तेव्हा स्वतःच ती घेऊन उभे राहिलेले. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि ओरडलेच.

"अय्यो! सायेब, समदं उलटं हाय की वो! आमची म्हातारी डोस्क्यावर चालायलीय, आन् पाटी काय पडंना!"

"भिंगाचा गुण आहे तो, अप्पा," असं म्हणून मी प्रकाशकिरणांवर लांबलचक व्याख्यान दिलं. त्यातून अप्पांनी एकच गोष्ट उचलली: या गरीब सायबाला दिवसभर सगळं उलटं दिसतं.

दुसऱ्या दिवशी मुख्य बांधाची आखणी होती. दुर्बिणीत पाहिलं तर आदल्या दिवशी उलटे दिसणारे आकडे सरळ उभे! मला वाटलं, नजर तयार झाली. संध्याकाळी घरी येऊन हिला मी तसं सांगितलंसुद्धा.

"नजर तयार झाली, चांगलं झालं," ही म्हणाली. "पण तुमच्या खात्यात पिकतं काय, ते अजून कळलं नाही मला."

हा तिचा नेहमीचा प्रश्न. आमच्या कॉलेजनं शेती-इंजिनिअरिंगचं नवं खातं काढलं, त्याची एक शाखा सोलापूरला आली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बैलांचे कष्ट आणि पावसाचा थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, असं आमच्या मुख्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पहिल्या वर्षी आम्ही लोखंडी नांगर काढला. तो इथल्या बैलांना ओढवेना. दुसऱ्या वर्षी पेरणीसाठी लोखंडी पाभर केली. तिच्या नळ्यांत काळी माती अशी काही बसली की बियाणं मातीत जायचं सोडून आमच्या तोंडाकडं बघत राहिलं. बाजारात लोक विचारायचे, "काय सायेब, यंदा कुणाचे बैल मारताव?"

मग वरून पत्र आलं. पावसाळा संपला की कमिटी येईल. दाखवण्यासारखं काही नसेल तर सोलापूरची शाखा बंद. मुख्यांनी ते पत्र खिशात ठेवलं. दिवसातून दोनदा बाहेर काढून वाचायचे, जणू मधल्या वेळात मजकूर बदलला असेल.

राहिला होता तो बांध. उतारावरून वाहणारं पाणी अडवायचं, रानात मुरू द्यायचं आणि जास्तीचं हलक्या उतारानं ओढ्याकडच्या दगडी सांडव्यातून काढून द्यायचं. अप्पांनी आपलं सगळ्यांत चांगलं रान त्यासाठी दिलं होतं. "दरसाल माती ओढ्याला जाती," ते म्हणाले, "एक साल तुमच्या हाती जाऊ द्या." उन्हाळाभर त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी बैलांकडून माती ओढून तो बांध उभा केला.

मृग कोरडा गेला. आर्द्रा गेली. मुख्य रोज सकाळी आभाळ बघायचे आणि माझ्याशी बोलायचे नाहीत. मी जणू आभाळाचा नातेवाईक. उत्तरा नक्षत्रात एका दुपारी पाऊस आला. आम्ही दोघं चिखलातून धावत रानात गेलो. पाणी बांधाला अडलं, वळलं आणि सांडव्याकडं पाठ करून सरळ अप्पांच्या विहिरीकडं चालायला लागलं.

तीन दिवस ते त्या टोकाला तुंबून उभं होतं. चौथ्या दिवशी पुन्हा सर आली, बांध फुटला आणि सगळा गाळ विहिरीत गेला. त्या विहिरीच्या पाण्यावर अप्पांचं घर, बैल, सगळंच होतं. म्हातारी काठावर बसून नुसती खाली बघत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मुख्यांनी पुन्हा लेव्हल घ्यायला लावली. अप्पा पट्टी घेऊन उभे राहिले. मी दुर्बिणीतून पाहिलं, आकडे सरळ. मुख्य माझ्या मागून साध्या डोळ्यांनी बघत होते.

"अप्पा, पट्टी उलटी का धरलीत?"

"सायबांस्नी उलटं दिसतंय न्हवं का?" अप्पा म्हणाले. "मनून म्या उलटी धरतो, मंजी त्यास्नी सुलटं दिसंल. दुर्बिनीत बघितल्यापासनं तसंच धरलो की. का वो, चुकलं?"

उलट्या पट्टीचा शून्य वर जातो, त्यामुळं उंच जागा खोल वाटते आणि खोल जागा उंच. अख्ख्या बांधाचा उतार मी उलटा दिला होता. आकडे एकाएकी सरळ का झाले, म्हणून पट्टीकडं मान वर करून एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं. पण माझी नजर तयार झाली होती ना!

"नाही अप्पा," मी म्हणालो, "तुमचं नाही चुकलं." खुलाशातही तेच लिहिलं: चूक माझी. मुख्यांनी वाचलं, सही केली आणि आठ दिवस विहिरीतला गाळ उपसायला माझ्याबरोबर स्वतः आले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून.

हस्त कोरडा गेला. कमिटी आली, तिनं फुटका बांध पाहिला, गाळाचा ढीग पाहिला, चहा घेतला आणि गेली. पौषात हुकूम आला: शाखा बंद, अवजारं परत पाठवावीत. मुख्यांनी तेही पत्र खिशात ठेवलं. ते मात्र पुन्हा काढून वाचलं नाही.

मी घरी सामान बांधत होतो, तेव्हा अप्पा दारात आले. खांद्यावर ज्वारीच्या हिरव्या कणसांची पेंढी.

"बाकी रान वाळलं, सायेब. पर तीन दिस पानी थांबलं हुतं न्हवं, तितंच तेवढी जवारी खांद्याएवढी आलीय. म्हातारी म्हनली, हुरडा देऊन या. पुढल्या साली बांध सुलटा करू की!"

पुढच्या साली आम्ही नसणार, हे मला सांगता येईना. शेवटी ते हिनंच त्यांना सांगितलं. अप्पा उंबऱ्यावर टेकले आणि कणसं कशी भाजायची ते तिला नीट समजावून निघून गेले.

हिनं परसात शेणी पेटवून कणसं भाजली, हातावर चोळून दाणे काढले, थोडे माझ्या हातावर दिले, थोडे आपल्या तोंडात टाकले. मी दोरीची गाठ मारत होतो.

"तीन वर्षांत तुमच्या खात्याचं आज पहिल्यांदा काही खायला मिळालं," ती म्हणाली, "आणि तुम्ही सामान बांधताय."